पाचशे ग्रॅम, हजार ग्रॅम आणि पाव मिलिमीटर

स्पर्धेच्या पिस्तुलाचा चाप किती जड असावा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. नियमाने किमान मर्यादा ठरवून दिली आहे. पण त्या मर्यादेच्या आत-बाहेर नेमबाजाला बरेच काही ठरवावे लागते.

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ च्या जुलैअखेरीस मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात वैयक्तिक आणि सरबज्योत सिंगच्या साथीने मिश्र सांघिक अशी दोन कांस्यपदके मिळविली. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत, ३ ऑगस्टला, ती २५ मीटर पिस्तूल प्रकाराच्या अंतिम फेरीत उभी राहिली आणि शूट-ऑफमध्ये हंगेरीच्या वेरोनिका मायोरकडून हरून चौथी आली. तिसरे पदक हुकल्याची हळहळ देशभर व्यक्त झाली. मात्र या आठवड्यात तिच्या उजव्या हाताच्या तर्जनीला काय करावे लागले, याची चर्चा फारशी झाली नाही. एअर पिस्तुलाचा चाप नियमानुसार किमान ५०० ग्रॅम भार उचलणारा असावा लागतो. २५ मीटरच्या पॉइंट टू टू पिस्तुलाचा किमान १००० ग्रॅम. म्हणजे ज्या बोटाने तीन दिवसांत दोन पदके मिळविली, त्याच बोटाला त्याच आठवड्यात दुप्पट जड चाप, तोही वेगळ्या लयीत, ओढावा लागला.

क्रिकेटच्या बॅटचे वजन, टेनिसच्या रॅकेटच्या तारांचा ताण यांवर आपल्याकडे चवीने बोलले जाते. नेमबाजीत पदके येऊ लागून वीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी चापाचे वजन हा विषय रेंजच्या भिंतींबाहेर आलेला नाही. पुण्यातील बालेवाडी, मुंबईतील वरळी किंवा कोल्हापुरातील दुधाळी अशा रेंजवर सराव करणाऱ्या मुलामुलींच्या दृष्टीने मात्र हा रोजचा प्रश्न आहे. पालकांच्या खिशाशीही त्याचा संबंध आहे, कारण स्पर्धेच्या दर्जाचे परदेशी एअर पिस्तूल घ्यायचे तर खर्च लाखांच्या घरात जातो आणि एवढा खर्च केल्यावर ‘चाप हलका करून द्या’ ही पहिली मागणी असते.

चापाचे वजन म्हणजे चापाच्या पट्टीचे वजन नव्हे. गोळी सुटण्यासाठी चापावर जितका जोर द्यावा लागतो, तो ग्रॅममध्ये मोजतात. मोजण्याची पद्धत जुनी आणि निर्विवाद आहे. पिस्तुलाची नळी आकाशाकडे उभी धरायची, सपाट पृष्ठभागावर ठेवलेले ठरावीक वजन चापाच्या मध्याजवळ अडकवायचे आणि पिस्तूल वर उचलायचे. वजन जमिनीपासून सुटले आणि चाप सुटला नाही, तर पिस्तूल पास. स्प्रिंगच्या काट्याने मोजलेला आकडा हाताच्या वेगानुसार बदलतो. लोंबणाऱ्या वजनाचे तसे नाही. शिवाय मध्याजवळच का, यालाही कारण आहे. चाप ही एक तरफ आहे. तिच्या टोकाजवळ वजन अडकवले तर तोच चाप हलका भासतो, मुळाजवळ अडकवले तर जड. घरी टोकाशी मोजून ‘जेमतेम ५०० आहे’ असे म्हणणाऱ्याला नियंत्रण कक्षात वेगळाच आकडा दिसण्याची शक्यता असते. सुदैवाने तो फरक बहुधा त्याच्या फायद्याचा ठरतो. पण उलटे झाले तर स्पर्धा सुरू होण्यापूर्वीच संपते.

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाची मर्यादा सर्व प्रकारांना सारखी नाही. १० मीटर एअर पिस्तुलाला ५०० ग्रॅम, तर २५ मीटरच्या सर्व प्रकारांना, म्हणजे महिलांच्या पिस्तूल प्रकाराला, पुरुषांच्या रॅपिड फायरला, स्टँडर्ड आणि सेंटर फायर पिस्तुलाला, १००० ग्रॅम. ५० मीटर पिस्तुलाला मात्र मर्यादाच नाही. या प्रकाराला फ्री पिस्तूल म्हणण्याची प्रथा पडली, ती अशा मोकळिकीमुळेच. त्यातले चाप काही ग्रॅमवर, कमाल काही दशक ग्रॅमवर लावलेले असत. बोट टेकविले की गोळी सुटावी, अशी ही व्यवस्था. हा प्रकार रिओ २०१६ नंतर ऑलिम्पिकमधून वगळण्यात आला आणि लॉस एंजलिस २०२८ च्या कार्यक्रमातही तो नाही. २०१४ च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत जितू रायने याच प्रकारात सुवर्ण मिळविले होते. ऑलिम्पिकचा दरवाजा बंद झाल्यावर त्याच्यासारख्या नेमबाजाला बिनमर्यादेच्या चापाची सवय सोडून ५०० ग्रॅमच्या जगातच पूर्ण वेळ राहणे भाग पडले.

आता मूळ प्रश्न. चाप हलका असणे चांगले, असे का मानले जाते? याचे उत्तर साध्या भूमितीत आहे. एअर पिस्तुलाचे लक्ष्य दहा मीटरवर असते आणि दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर. ४.५ मिलिमीटर व्यासाचा छर्रा त्या वर्तुळाला बाहेरून टेकला तरी दहा गुण मिळतात. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून आठ मिलिमीटरपर्यंत सरकला तरी चालते. पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमधील अंतर साधारण ३३ सेंटिमीटर धरले, तर या आठ मिलिमीटरचा पिस्तुलावरील अर्थ होतो पाव मिलिमीटरहून किंचित अधिक. पुढची साइट मागच्या खाचेच्या तुलनेत एवढी हलली की दहाचे नऊ झाले.

२५ मीटरला हेच गणित करून पाहण्यासारखे आहे. तेथे अचूक नेमबाजीच्या टप्प्यातील दहाच्या वर्तुळाचा व्यास ५० मिलिमीटर, गोळी ५.६ मिलिमीटरची आणि दोन साइटमधील अंतर नियमानेच २२ सेंटिमीटरपर्यंत मर्यादित. हिशेब केला तर येथेही उत्तर पाव मिलिमीटरच येते, किंबहुना केसभर कमीच. लक्ष्य मोठे दिसते, पण आखूड पिस्तूल त्याची भरपाई करून टाकते. चुकीला जागा तेवढीच आणि चाप मात्र दुप्पट जड.

हा दुप्पट जडपणा नेमका कोठे नडतो? चाप नळीच्या रेषेत, सरळ मागे ओढला गेला तर तो ५०० ग्रॅमचा असो की हजारचा, नेम हलण्याचे कारण नाही. पण मानवी बोट सरळ मागे येत नाही. ते तळव्याकडे वळत येते. समजा, बोटाचा जोर सरळ रेषेपासून दहा अंशांनी कलला. मग हजार ग्रॅमच्या चापावर सुमारे १७० ग्रॅम जोर बाजूला लागतो. ५०० ग्रॅमच्या चापावर सुमारे ८७. एक किलोच्या आसपास वजनाचे पिस्तूल, तेही लांब ताणलेल्या एका हाताच्या टोकाला, आणि त्याला १७० ग्रॅमचा आडवा धक्का; पाव मिलिमीटरचा हिशेब त्यात सहज बुडतो. हलक्या चापाची ओढ समजण्यासारखी आहे, ती यासाठी.

मात्र या गणितातच दुसरा एक मुद्दा दडला आहे आणि तो पालकांच्या लक्षात येत नाही. जोर कलतो कशामुळे? बहुतेक वेळा मुठीमुळे. पिस्तुलाची लाकडी मूठ हाताच्या मानाने मोठी असेल तर बोटाची पेराजवळची गादी चापावर पोचत नाही, फक्त टोक पोचते आणि ते चापाला बाजूला ढकलते. मूठ लहान असेल तर बोट जास्त आत जाऊन चापाला उलट दिशेने खेचते. बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या हाती प्रौढाच्या मापाची मूठ असेल, तर चाप कितीही हलका केला तरी तिचे छर्रे एकाच बाजूला जात राहतील. अशा वेळी कानस आणि लाकडाची लुगदी हाती घेऊन मूठ घासणे, भरणे हा उपाय असतो. चापाची पट्टी पुढे-मागे सरकविण्याची सोयही स्पर्धेच्या पिस्तुलांत असते. दहा अंशांचा कल पाचवर आणला तर हजार ग्रॅमच्या चापाचा आडवा जोर निम्मा होतो. म्हणजे मूठ नीट केल्याने जे साधते, ते चाप निम्मा करून साधण्याइतकेच आहे आणि त्यात नियमाचा भंग नाही.

चापाचा एकूण आकडा सांगून काम संपत नाही, हेही ध्यानात घ्यायला हवे. स्पर्धेच्या पिस्तुलांचे चाप बहुधा दोन टप्प्यांचे असतात. पहिल्या टप्प्यात चाप काही अंतर सहज मागे येतो आणि एका ठिकाणी अडतो. तेथून पुढे थोडा अधिक जोर दिला की आतली खिट्टी सुटते. नियम बघतो तो एकूण भार. त्यातील किती वाटा पहिल्या टप्प्याला द्यायचा आणि किती दुसऱ्याला, हे नेमबाजाचे स्वातंत्र्य. एअर पिस्तुलाच्या ५०० ग्रॅमपैकी साडेतीनशे-चारशे पहिल्या टप्प्यात घेतले, तर शेवटचा निर्णय शंभर-दीडशे ग्रॅमचा उरतो. बोटाला जाणवते ते हेच शेवटचे शंभर ग्रॅम. कागदोपत्री चाप अर्धा किलोचा, अनुभवाला मात्र पिसासारखा.

ही वाटणी किती टोकाला न्यावी, यावर प्रशिक्षकांत एकमत नाही आणि ते होण्याची शक्यताही नाही. शेवटचा टप्पा फार हलका ठेवला तर पहिल्या टप्प्याची ‘भिंत’ बोटाला कळत नाही. सरावात ती कळते. अंतिम फेरीत, उद्घोषक एकेका गोळीनंतर गुण पुकारत असताना, नाडी वाढलेली आणि बोटे गार पडलेली असताना ती कळेनाशी होते. नेमबाज भिंतीपर्यंत जायला जातो आणि गोळी सुटून जाते. हिवाळी सकाळी उघड्या रेंजवर उभे राहिलेल्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. दुसरीकडे शेवटचा टप्पा फार जड ठेवला तर नेमबाज थांबतो, वाट पाहतो, हात थरथरू लागतो आणि मग ‘आता सोडलीच पाहिजे’ म्हणून बोट झटका देते. हे दोन्ही दोष गुणफलकावर सारखेच दिसतात. त्यामुळे दोषाचे निदान चुकते आणि जड चाप हवा असलेल्याचा चाप आणखी हलका केला जातो, हे व्हायला नको ते होते.

काही जण दोन टप्प्यांची भानगडच नको म्हणून ‘रोल’ होणारा चाप पसंत करतात. यात स्पष्ट भिंत नसते. चाप सावकाश सरकत राहतो आणि त्या सरकण्यात कोठेतरी गोळी सुटते. गोळी नेमकी केव्हा सुटणार हे माहीत नसल्याने शरीर आधीच बिचकत नाही, हा त्याचा लाभ. पण कोठे सुटणार हे माहीत नसणे प्रत्येक स्वभावाला मानवत नाही.

२५ मीटर पिस्तूल प्रकारात तर एकाच नेमबाजाला दोन स्वभाव बाळगावे लागतात. या प्रकाराचे दोन भाग आहेत. पहिल्या तीस गोळ्या अचूकतेच्या. पाच मिनिटांत पाच, असे सहा वेळा. यात वेळ भरपूर असतो आणि हलका, स्पष्ट शेवटचा टप्पा उपयोगी पडतो. नंतरच्या तीस गोळ्या वेगाच्या. हात ४५ अंशांवर खाली, लक्ष्य तीन सेकंद खुले, त्यात हात वर आणायचा, साइट जुळवायच्या आणि एक गोळी मारायची. मग सात सेकंद विराम आणि पुन्हा तेच. तीन सेकंदांत पहिला टप्पा वेगळा आणि दुसरा वेगळा करीत बसायला सवड नसते. हात वर येत असतानाच बोट पहिल्या टप्प्याचा भार घेऊ लागते आणि हात थांबता थांबता उरलेला. येथे शेवटचा टप्पा फार हलका असेल, तर हात लक्ष्यावर पोचण्याआधीच गोळी जाते. अशी गोळी आठ किंवा सात नव्हे, शून्यही देऊ शकते. पिस्तूल मात्र दोन्ही भागांना तेच. म्हणून चापाची मांडणी नेहमी तडजोडीची असते. आपली पदके कोणत्या भागात पडतात आणि कोणत्या भागात निसटतात, हे पाहून ती तडजोड करावी लागते. अंतिम फेरी संपूर्णपणे वेगाच्या भागासारखी खेळविली जाते, हे पाहता वेगाच्या बाजूने झुकणे अधिक शहाणपणाचे ठरते.

महाराष्ट्राच्या नेमबाजांनी या प्रकारात जे मिळविले, त्याचा येथे उल्लेख करणे अगत्याचे आहे. दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचे वैयक्तिक सुवर्ण अनिसा सय्यदने आणि रौप्य कोल्हापूरच्या राही सरनोबतने मिळविले. २०१४ मध्ये ग्लासगोला हीच दोन नावे उलट्या क्रमाने आली. राहीने २०१३ मध्ये चँगवॉनच्या विश्वचषकात सुवर्ण जिंकले आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत थायलंडच्या नेमबाजाशी ३४ अशी बरोबरी झाल्यावर शूट-ऑफ जिंकून ती आशियाई सुवर्ण मिळविणारी पहिली भारतीय महिला नेमबाज ठरली. शूट-ऑफमध्ये पाच गोळ्या, प्रत्येक तीन सेकंदांत, आणि समोर १०.२ किंवा त्याहून वरचा गुण असेल तरच वेध मोजला जाणार. त्या क्षणी हजार ग्रॅमचा चाप बोटाला जड वाटतो की हलका, यावर वर्षांचा सराव पणाला लागलेला असतो.

मनू भाकरच्या पॅरिसमधील पात्रता फेरीच्या गुणांवरून एक घाईचा निष्कर्ष काढता येईल. एअर पिस्तूलमध्ये ६०० पैकी ५८०, तर २५ मीटरला ५९०. मग जड चापाने गुण वाढतात की काय? तसे नाही. वेगाच्या भागातील लक्ष्यावर दहाचे वर्तुळ १०० मिलिमीटरचे, म्हणजे अचूकतेच्या भागातील लक्ष्याच्या दुप्पट असते. दोन प्रकारांच्या गुणांची तुलनाच चुकीची. त्या आकड्यांवरून एवढे मात्र म्हणता येते, की ५०० वरून १००० वर जाताना तिच्या बोटाचा तोल गेला नाही. ज्यांना दोन्ही प्रकार खेळायचे आहेत, त्यांनी २५ मीटरचा शेवटचा टप्पा एअर पिस्तुलाच्या शेवटच्या टप्प्याच्या जवळपास ठेवायचा आणि जास्तीचा सगळा भार पहिल्या टप्प्यात टाकायचा, हा एक मार्ग आहे. दुसरा मार्ग दोन्ही चाप मुद्दाम वेगळे ठेवण्याचा; बोटाने गोंधळू नये म्हणून. पहिला अधिक लोकप्रिय वाटतो. दुसऱ्याला सराव अधिक लागतो.

माणूस किती जुळवून घेऊ शकतो, याची दोन उदाहरणे या खेळाच्या इतिहासात ठळक आहेत. दक्षिण कोरियाच्या जिन जोंग-ओहने लंडन २०१२ मध्ये १० मीटर एअर पिस्तूल आणि ५० मीटर पिस्तूल अशी दोन्ही सुवर्णपदके जिंकली. एकीकडे ५०० ग्रॅम, दुसरीकडे नाममात्र भार. दोन वर्षांनी त्याने ग्रानाडाच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटरला ५८३ गुण करून सोव्हिएत संघाच्या अलेक्सांद्र मेलेन्त्येवचा १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकमधील ५८१ गुणांचा विक्रम मोडला. चापाला मर्यादा नसलेल्या प्रकारातला विक्रम चौतीस वर्षे अबाधित राहिला, हे चाप हलका केला की गुण वाढतात असे मानणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे.

दुसरे उदाहरण जर्मनीच्या राल्फ शुमानचे. रॅपिड फायर हा सर्वांत वेगवान प्रकार; आठ, सहा आणि चार सेकंदांत पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या. गंमत अशी, की याच प्रकारात पूर्वी चापाच्या वजनावर मर्यादा नव्हती. आखूड, कमी धक्क्याची काडतुसे आणि अतिशय हलके चाप, असा तो जमाना. १९९२, १९९६ आणि २००४ अशी तीन ऑलिम्पिक सुवर्णे शुमानने त्या पिस्तुलांनी जिंकली. २००५ पासून नियम बदलले. नेहमीचे लाँग रायफल काडतूस आणि हजार ग्रॅमचा चाप सक्तीचा झाला. अनेकांची कारकीर्द या बदलाने झाकोळली. शुमान २००८ मध्ये बीजिंगला नव्या नियमांखाली, वयाच्या शेहेचाळिशीत, रौप्यपदक घेऊन उभा होता. या बदलामुळे जुनी खास पिस्तुले निकामी झाली आणि जी पिस्तुले महिलांच्या व स्टँडर्ड प्रकारात चालतात, तीच रॅपिड फायरला चालू लागली. शस्त्रांची आयात हा ज्या देशातील नेमबाजांचा जुना जाच आहे, त्यांना एका पिस्तुलात अनेक प्रकार खेळता येणे सोयीचेच होते. विजय कुमारने लंडनला २०१२ मध्ये रौप्य मिळविले, ते या नव्या नियमांच्या काळातले.

किमान मर्यादा ५०० असेल तर चाप नेमका ५०० वर लावावा काय? अनुभवी नेमबाज तसे करीत नाहीत. स्प्रिंग आणि खिट्टीचे पृष्ठभाग झिजतात, तेल आणि धूळ यांचा परिणाम होतो, विमानप्रवासात स्क्रू किंचित सैल होतात. म्हणून एअर पिस्तूलला १०-२० ग्रॅम, २५ मीटरला २०-५० ग्रॅम वर ठेवण्याची रीत आहे. ही वरची पुंजी चैनीची नव्हे. स्पर्धेपूर्वीच्या तपासणीत पिस्तूल पास झाले म्हणजे सुटका होत नाही. स्पर्धा संपल्यावर चिठ्ठ्या टाकून काही जणांचे चाप पुन्हा तपासले जातात. वजन उचलण्यासाठी जास्तीत जास्त तीन संधी. तिन्ही फसल्या तर नेमबाज बाद. गुण कितीही असोत. तपासणीला पिस्तूल न देताच निघून गेला तरी तीच शिक्षा. एअर पिस्तूल तपासताना हवेचा दाब भरलेला असणे आवश्यक असते, ही बाबही नवखे विसरतात. रिकाम्या अवस्थेत घरी केलेली मोजणी त्यामुळे फसवी ठरू शकते. रेंजवर ठेवलेले अधिकृत वजन स्पर्धा सुरू होण्याआधी स्वतः उचलून पाहण्याची सोय असते. ती न वापरणे हा आळस आहे आणि त्याची किंमत वर्षभराच्या तयारीएवढी असू शकते.

दहा ग्रॅमने नेमबाजाला काही कळते का? मूठ, श्वास, खांदा या सगळ्या गदारोळात ५०० आणि ५१५ यांतला फरक गुणफलकावर दिसेल, असे मानणे कठीण आहे. कळतो तो बदल. आज ५१०, उद्या ५३०, परवा पुन्हा ५०५ असे करीत राहिले तर बोटाला कशाचीच सवय लागत नाही. सराव स्पर्धेच्याच वजनावर व्हावा, हे सूत्र यातूनच येते. लहान मुलाच्या बोटात बळ नाही म्हणून सरावाला ३०० ग्रॅमचा चाप दिला, तर पहिल्या जिल्हा स्पर्धेत त्याला दोन गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. एक, चाप ओढणे आणि दोन, अपयश. त्यापेक्षा सुरुवातीला गोळ्या कमी, आधार देऊन सराव जास्त आणि छर्ऱ्याविना कोरडा सराव भरपूर, हे बरे. एअर पिस्तुलांत अशा कोरड्या सरावाची वेगळी कळ असते आणि त्यात खर्च शून्य.

इलेक्ट्रॉनिक चापांनी या चर्चेत नवी भर घातली आहे. त्यात खिट्टीऐवजी विद्युत संपर्क काम करतो. सुटण्याचा क्षण अत्यंत स्वच्छ, घर्षणाचा प्रश्न जवळजवळ नाही. नियमाला ते मान्य आहेत, मर्यादा तीच. पण बॅटरी, तार आणि सर्किट म्हटले की बिघाडाची आणखी एक शक्यता आली. टोकिओ ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली मनूच्या एअर पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत तांत्रिक बिघाड झाला, दुरुस्तीत बराच वेळ गेला आणि ५७५ गुणांसह ती बाराव्या स्थानावर राहिली; अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. बिघाड यांत्रिक पिस्तुलातही होतो, हे खरे. तरी ज्या शहरात दुरुस्ती करणारा जाणकार नाही, तेथील मुलाने कोणत्या बनावटीचा चाप घ्यावा, हा प्रश्न केवळ अचूकतेचा राहत नाही.

आणि महाराष्ट्रातील बहुसंख्य होतकरू नेमबाजांपुढचा प्रश्न तर याहून साधा असतो. एअर पिस्तूल घरचे असू शकते. ठरावीक शक्तीच्या आतील पॉइंट वन सेव्हन सेव्हनच्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. पॉइंट टू टू पिस्तुलाला लागतो, त्यामुळे २५ मीटरची सुरुवात क्लबच्या पिस्तुलावर होते. एका पिस्तुलावर चार-सहा जण हात चालवितात. एकाला भिंत स्पष्ट हवी, दुसऱ्याला रोल हवा. एकीचे बोट आखूड, दुसऱ्याचे लांब. स्क्रू प्रत्येकाने आपल्या परीने फिरविला तर ते पिस्तूल कोणाचेच राहत नाही आणि तपासणीच्या दिवशी ते किती ग्रॅमवर आहे, हे कोणीच सांगू शकत नाही. अशा ठिकाणी चापाचे वजन प्रशिक्षकाने एकदा ठरवून, हजारच्या तीस-चाळीस ग्रॅम वर, बंद करून टाकणे आणि मोजणीची तारीख वहीत लिहून ठेवणे, एवढे तरी करता येण्यासारखे आहे. अधिकृत मापाचे वजन विकत घ्यायला लाखो रुपये लागत नाहीत.